सरळ केलेला ठेका

शेजारच्या मालूताईंनी एकदा भाजी निवडता निवडता मला विचारलं, "बाई, तुमचं ते मशीन अटकलं का हो? सकाळपासून एकच बाजा वाजू राह्यला." मशीन अटकलं नव्हतं, मी कामावर होते. चार सेकंदांचा तबल्याचा एक तुकडा मी तेव्हा साठाव्यांदा तरी ऐकत असेन, आणि त्यातला तिसरा ठोका नेमका कुठे पडतो हे मला अजून ठरवता आलं नव्हतं. मालूताईंना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढचा आठवडाभर माझ्या तब्येतीची जरा जास्तच आपुलकीने चौकशी केली.

तेव्हापासून मी कानाला हेडफोन लावून काम करते. बुऱ्हाणपुरात केळीचा व्यापार करतो म्हटलं की काम कळतं, यंत्रमाग आहेत म्हटलं की कळतं. "गाण्याबजावण्याचे तुकडे ऐकते आणि त्यांची माहिती लिहिते" म्हटलं की समोरचा माणूस "चांगलं आहे, वेळ जातो" एवढंच म्हणतो. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव मागितले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे माझी मुलींच्या शाळेतली संगीत शिक्षिकेची नोकरी असणार. पण शाळेवर लिहायला शाळेतल्या इतर बाई आहेत, आणि त्या माझ्याविषयी लिहितील तेवढं पुरे. मी निवृत्तीनंतरच्या या कामाबद्दल लिहिते. कारण आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक मी शाळेत नाही, या कामात केली.

आधी काम काय ते सांगते. हल्लीचं पुष्कळसं संगीत तुकडे जोडून होतं. ढोलकीचा एक तुकडा, त्यावर खर्जाचा एक, त्यावर बासरीचा एक. प्रत्येक तुकडा दोन-चार-आठ सेकंदांचा. तो संपला की लगेच पहिल्यापासून लागावा आणि सांधा कुठे आहे ते कळू नये, ही त्याची अट. याला लूप म्हणतात. आता हे तुकडे एकमेकांना शोभतात की नाही, कुठलं वाद्य आहे, लय काय, सूर कोणता, हे यंत्राला आपोआप ओळखता यावं म्हणून जगभर संशोधन चालतं. यंत्राला शिकवायचं तर आधी कुणीतरी माणसाने हजारो तुकडे कानांनी ऐकून त्यांची बरोबर उत्तरं लिहून ठेवायला हवीत. ती उत्तरपत्रिका म्हणजे आमचा संग्रह. तो सगळ्यांसाठी मोकळा असतो. कुणीही घ्यावा, वापरावा, फक्त वाजवणाऱ्याचं नाव सांगावं. सगळ्यांनी एकाच मापाने मोजलं तरच कुणाचं यंत्र खरं हुशार ते कळणार.

मला यात ओढलं पल्लवीने. ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता एका विद्यापीठात याच विषयावर संशोधन करते आणि हा संग्रह तिच्याच देखरेखीखाली तयार होतो. निवृत्त होऊन चारच महिने झाले होते. माझे वडील महाराष्ट्रातून इकडे कागद कारखान्यात आले आणि भोंग्यावर उठणाऱ्या घरात मी वाढले. रिकामं बसणं आमच्या रक्तात नाही. पल्लवीचा फोन आला, "मॅडम, तुमच्यासारखा कान नाही मिळत कुठे. मशीन से भी तेज आहे तुमचा कान, सच्ची." स्तुती कुणाला आवडत नाही? मी हो म्हटलं.

माझ्या कानाबद्दल मला घमेंड होती, हे इथेच कबूल करते. वर्गात चाळीस मुली गात असताना तिसऱ्या रांगेतली कोण अर्धा सूर खाली आहे, हे मी पाठमोरी राहून सांगत असे. आणि लयीच्या बाबतीत तर मी खडूसच होते. वेळेचंही तेच. माझ्या तासाला उशिरा येणारी मुलगी दाराबाहेर उभी राहायची, तास संपेपर्यंत. असीरगडच्या बसने येणारी वंदना नावाची एक मुलगी तर वर्षभर बाहेरच असायची. बस उशिरा यायची, त्यात तिचा काय दोष, असं तेव्हा मला कुणी म्हटलं नाही आणि म्हटलं असतं तरी मी ऐकलं नसतं. वार्षिक परीक्षेत तिने सगळी गाणी अचूक म्हटली. दाराबाहेरून शिकली होती.

तर काम. प्रत्येक तुकडा दोन जण वेगवेगळे ऐकतात. स्वतःचं लिहून होईपर्यंत एकमेकांची उत्तरं दिसत नाहीत. दोघांचं जुळलं तर पक्कं, नाही जुळलं तर तिसरा. लय किती, पहिली मात्रा कुठे, सूर आहे का, असल्यास कोणता, वाद्य कुठलं, तुकड्याचं काम काय, म्हणजे ठेका धरणं की साथ करणं की नुसता भराव, असे रकाने असतात. सगळ्यांत शेवटी एक रिकामी जागा असते, "टीप". तिथे कुणी फारसं लिहीत नाही. माझा जोडीदार दुसऱ्या राज्यातला एक तरुण गिटारवादक होता. त्याची माझी पहिले तीन महिने नुसती भांडणं. मी लय मिनिटाला सत्तर लिहावी, त्याने एकशेचाळीस. शेवटी पल्लवीने समजावलं की दोघंही बरोबर आहात, एक जण चालताना फक्त डावा पाय मोजतोय आणि एक दोन्ही. त्यानंतर आमचं बरं जमलं.

तुकडे गोळा करायचं कामही माझ्याकडे आलं, कारण आमच्या भागातली वाद्यं संग्रहात नव्हतीच. गावात बातमी पसरली की मॅडम संगीत जमा करतात. लग्नात कीबोर्ड वाजवणारे एक गृहस्थ वीस तुकडे घेऊन आले, सगळे स्वतः बनवले म्हणाले. मी पहिला ऐकला, दुसरा ऐकला आणि उठून आतून शाळेने निरोपाला दिलेला कीबोर्ड आणला. त्यातल्या तयार ठेक्यांपैकी कळ क्रमांक बेचाळीस दाबली. त्यांचाच तुकडा वाजला. त्रेचाळीस दाबली, दुसरा वाजला. ते गृहस्थ जराही ओशाळले नाहीत. "मॅडम, कळ तर मीच दाबली होती ना," म्हणाले. चहा पिऊन गेले.

दुसरे आले लोहारमंडीतले रशीदभाई. त्यांचे आठ यंत्रमाग. त्यांचं म्हणणं, त्यांच्याकडचा आवाज दिवसभर तोच तोच चालतो, मग तो का घेत नाही? मला हसू आलं, पण गेले रेकॉर्डर घेऊन. त्या खोलीत बोललेलं ऐकू येत नाही, तिथे रशीदभाई आयुष्यभर उभे राहिलेले. त्यांनी डोळे मिटले आणि मला म्हणाले, "आप कोई भी एक बंद करवाओ, मैं बता दूँगा कौन सा बंद हुआ." कामगाराने खूण करून एक माग बंद केला. "पाँच नंबर," रशीदभाई म्हणाले. बरोबर होतं. मी विचारलं, सगळे एकाच बनावटीचे, मग ओळखता कसे? "हर एक थोड़ा-थोड़ा लँगड़ाता है मॅडम. अपनी-अपनी टाँग से."

"आणि मिस्त्रीने दुरुस्त केला तर?"

"तो कपड़ा अच्छा निकलेगा," ते म्हणाले, "मेरी पहचान का नहीं रहेगा."

मी ते बोलणं एक मजेदार किस्सा म्हणून चार ठिकाणी सांगितलं. पाच नंबरच्या मागाचे सहा सेकंद संग्रहात घेतले. माणूस कानाजवळ ओरडून सांगतो तेव्हा ते कानात शिरतंच असं नाही.

आता काशीआबा. बहादरपूरला केळी आणि कापूस करणारे काशिनाथ पाटील, पण त्यांना काशीआबा सोडून कुणी काही म्हणत नाही. गावच्या भजनी मंडळात त्यांची ढोलक. माझी ती दाराबाहेरची वंदना लग्न होऊन यांच्या घरी सून म्हणून आली होती. बाजारात भेटली, म्हणाली, "मॅडम, आमच्या आबांचं घ्या ना तुम्ही. त्यांच्यासारखी ढोलक नाही कोनाची." मी गेले.

रेकॉर्डिंगला शांत आणि न घुमणारी जागा लागते. शहरातले लोक भिंतींना महागड्या गाद्या लावतात. आबांच्या घरी कापसाची खोली होती. भाव वाढायची वाट बघत कापूस छतापर्यंत भरून ठेवलेला, मध्ये दोन माणसं बसतील एवढीच जागा. टाळी वाजवून पाहिली तर आवाज जागच्या जागी विरला. एवढी सुंदर खोली मी कुठे ऐकलेली नाही. नाकात तंतू जाऊन दोघांना शिंका येत होत्या, तेवढंच.

आबांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं तरुणपणीच कडबा कापायच्या यंत्रात गेली होती. त्यामुळे डावी थाप ते बोटांनी देत नसत, तळव्याच्या टाचेने देत. उजवा हात चपळ, वेळेवर. डावा मात्र किंचित मागून यायचा. भजन म्हणणारे त्या मागून येणाऱ्या थापेसाठी थांबायचे, तिच्यावर शब्द टेकवायचे आणि पुढे जायचे. सगळं मंडळ असं हलकेच झुलत असे. मी ते ऐकलं आणि माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. मनात आलं, डावा हात कच्चा आहे.

संग्रह मोकळा असतो, एकदा दिलेलं परत घेता येत नाही, हे वाजवणाऱ्याला समजावून सांगणं आणि सही घेणं आमच्या कामाचा भाग आहे. मी सांगू लागले. आबांनी मध्येच हात वर केला. "म्हनजे कंद देल्यासारखं. आपल्या बागातला कंद कोनी नेला, त्याच्या वावरात लावला, तं केळी त्याची झाली. पन जात आपलीच राह्यते ना?"

"नाव तुमचंच राहील, आबा."

"मंग न्या. कंदाले कोनी नाही म्हनत नाही बाई. एका साली माह्या बागात रोग आला, सगळी उपटून फेकली. मंग ज्याले मी कंद देले होते, त्याच्याकडूनच आनले वापस." आणि त्यांनी सही केली, मोठ्या अक्षरांत, जागा पुरली नाही म्हणून बाहेरही.

एकोणीस तुकडे निघाले. पहिल्या आवृत्तीत ते घाईघाईने गेले. मग दुसऱ्या आवृत्तीसाठी कडक तपासणी सुरू झाली आणि माझ्या गिटारवाल्या जोडीदाराने आबांच्या एकोणीसही तुकड्यांपुढे लिहिलं, "ठोके जागेवर नाहीत. वगळावे." नियमाने तो बरोबर होता. तिसऱ्या माणसाकडे प्रकरण गेलं असतं तर त्यानेही तेच म्हटलं असतं, असं मला वाटलं. माझ्या गावचा माणूस नापास होणार, तोही माझ्यामार्फत आलेला, ही कल्पना मला सहन होईना. शाळेत आम्ही काठावरच्या मुलीला चार गुण वाढवून पास करायचो. मी तेच केलं.

आमच्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये एक कळ असते. पडद्यावर लयीच्या उभ्या रेघा असतात, कळ दाबली की प्रत्येक ठोका उचलून जवळच्या रेघेवर बसवला जातो. एकोणीस तुकडे, एक दुपार. शेवटी ऐकलं तर काय गोळीबंद वाजत होतं! मला अभिमानच वाटला. मूळ फाइलवरच नवी जपून ठेवली, त्याच नावाने. रेकॉर्डरचं कार्ड पुढच्या कामासाठी पुसलं. पल्लवी म्हणाली, "मॅडम, पहिली आवृत्ती पण राहू देऊ का वेबसाइटवर?" मीच म्हटलं की नको, दोन-दोन राहिल्या की लोकांचा गोंधळ होतो, जुनी काढून टाक आणि आपल्याकडचीही पुसून टाक. घर आवरावं तसं मी ते आवरलं. आबांना विचारायचं माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या वर्षी वंदनाचा फोन आला. आबांना लकवा झाला होता. डावी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत येत होतं, पण डावा हात मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा. "मॅडम, ते ढोलकेकडे पाहातच नाहीत. मंडळवाले येतात, तं पाठ करून झोपतात. तुम्ही घेतलं होतं ना त्यांचं वाजवनं, ते ऐकवता का? त्यांचंच त्यांना ऐकू येईल तं बरं वाटंल."

मी शनवाऱ्याच्या चौकातून रिक्षा करून निघाले. मनातून खूश होते. माझ्या कामाचा कुणालातरी खरा उपयोग होणार होता. आबा त्याच कापसाच्या खोलीत खाटेवर होते. कापूस विकला गेला होता, खोली रिकामी आणि घुमणारी झाली होती. मी छोटा स्पीकर उशाशी ठेवला आणि तुकडा लावला. ठेका सुरू झाला, संपला, पुन्हा सुरू झाला. आबा लक्ष देऊन ऐकत होते. चार-पाच फेऱ्या झाल्या. मग त्यांनी अडखळत विचारलं, "कोन पोरगा व्हय? हात साफ आहे त्याचा."

वंदनाने माझ्याकडे पाहिलं. तिचा कानही तयार होता, तो मीच तयार केला होता, दाराबाहेर. तिला पहिल्याच फेरीत कळलं असणार.

मी म्हटलं, "आबा, हे तुम्हीच आहात."

आबा हसले. आजारी माणसाचं मन राखायला लोक खोटं बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. संगणक उघडून बसले. शोधायला काही नव्हतंच, मीच सगळं आवरलं होतं. कार्ड पुसलेलं, फाइल तीच, नाव तेच, आत सरळ केलेला ठेका. पल्लवीकडे चौकशी केली, तिने विद्यापीठातल्या लोकांना कामाला लावलं. पहिल्या आवृत्तीची प्रत कुठेही उरली नव्हती. मंडळाच्या लोकांकडे मोबाइलवर काही असेल म्हणून विचारलं. त्यांच्याकडे झांजा होत्या, माइकची शिट्टी होती, लोकांची बोलणी होती. आबांची ढोलक त्या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी. इतक्या वर्षांत आबांचं स्वच्छ असं वाजवणं एकदाच कुणी टिपलं होतं, आणि जिने टिपलं तिनेच ते पुसलं होतं. हात आता परत येणार नव्हता.

शेवटी पल्लवी म्हणाली, "मॅडम, एक रस्ता आहे. पहिली आवृत्ती लोकांनी डाउनलोड केली होती. कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये पडली असेल. संग्रहाच्या पानावर सूचना टाकते मी. प्रॉब्लेम काय झाला ते टेक्निकल भाषेत लिहून देते, तुमचं नाव नाही येणार, टेंशन नॉट."

तिने मसुदा पाठवला. "काही ध्वनिफितींमध्ये अनवधानाने बदल झाल्याचे आढळले आहे." मी तो दोनदा वाचला. अनवधानाने काहीच झालं नव्हतं. मी पूर्ण अवधानाने, एक दुपारभर, नाकावर चष्मा घेऊन केलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवल्या होत्या, आता स्वतःची लिहायची वेळ आली तर हात जड झाला. तरी लिहिली. माझं पूर्ण नाव घालून लिहिलं की या एकोणीस तुकड्यांतले ठोके मी सरकवले, वादकाला विचारलं नाही, मूळ प्रती मी पुसायला लावल्या, आणि वादक आता वाजवू शकत नाही. कुणाकडे पहिली आवृत्ती असेल तर कृपा करून परत द्यावी. ज्या क्षेत्रात माझ्या कानाची शिफारस होती, त्याच क्षेत्रातल्या सगळ्यांनी ते वाचलं. गिटारवाल्या जोडीदाराचा दोन ओळींचा निरोप आला. त्याने लिहिलं होतं, वगळावे लिहिणारा मीच होतो, चुकीत माझाही अर्धा भाग. तेवढ्याने थोडं हलकं वाटलं.

पण तुकडे येईनात. लोक लिहायचे, वाईट वाटलं, आम्ही दुसरी आवृत्ती आल्यावर पहिली काढून टाकली. साहजिक होतं, आम्हीच तसं सांगितलं होतं. वंदनाला मी फोन करणं टाळू लागले. बहादरपूरकडची रिक्षा दिसली तरी मान वळवायचे.

सहा-सात आठवड्यांनी पल्लवीने एक पत्र पुढे पाठवलं. दूर उत्तरेकडच्या एका देशातल्या संशोधक बाईंचं होतं. त्या यंत्राच्या चुकांचा अभ्यास करतात. यंत्र कुठले तुकडे बरोबर ओळखतं यात त्यांना रस नाही, कुठे फसतं यात आहे. पहिली आवृत्ती त्यांनीही पुसली होती, पण ज्या तुकड्यांवर त्यांचं यंत्र दर वेळी नापास व्हायचं, ते त्यांनी एका वेगळ्या कप्प्यात ठेवले होते. त्यात एकाच वादकाचे अकरा होते. यंत्राला त्यांची पहिली मात्रा कधीच सापडली नव्हती. पुढे लिहिलं होतं, "दुसऱ्या आवृत्तीत हेच तुकडे यंत्राला एकदम सोपे गेले, तेव्हा माझीच काहीतरी चूक असेल असं मला वाटलं. मी हे पहिले तुकडे कधीकधी कामाशिवायही ऐकते."

मी अकरा तुकडे उतरवून घेतले. हेडफोन लावला आणि पहिला सुरू केला. उजवा हात आला. मग एक बारीकशी जागा रिकामी गेली, आणि मग डावा आला. मला रडू फुटलं. आपल्याला नीट येतं असं जे वाटत होतं, तेच आपल्याला येत नव्हतं, हे साठी ओलांडल्यावर कळलं तर माणूस दुसरं काय करणार?

संग्रहाच्या तिसऱ्या आवृत्तीत ते अकरा गेले, वगळण्याचा नियम आम्ही बदलला. उरलेले आठ गेले ते गेलेच. पहिल्या मात्रेच्या रकान्यात मी एकाऐवजी दोन जागा लिहिल्या, उजव्या हाताची आणि डाव्याची. आणि शेवटची ती टीप नावाची रिकामी जागा पहिल्यांदा भरली: "डावी थाप उशिरा येते. दुरुस्त करू नये."

मग बहादरपूरला गेले. आबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. वंदनाने दार उघडून मला आत घेतलं आणि स्वतः चौकटीबाहेरच उभी राहिली. मी या वेळी काही न सांगता स्पीकर ठेवला आणि तुकडा लावला.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला आबांचा उजवा हात पांघरुणावर हलला. उजव्या हाताने ते डाव्याची थाप देत होते, तळव्याच्या टाचेने, मागून. चेहऱ्याची एकच बाजू हसते आता त्यांची, ती हसली.

"आला," ते म्हणाले. मग आणखी दोन फेऱ्या ऐकून, "कंद कोठून आनला?"

मी देशाचं नाव सांगितलं. त्यांना ते कळलं नाही. "केळी होते तठी?"

"नाही आबा. बर्फ पडतो तिथे."

"तरी जगवला," आबा म्हणाले, आणि पुन्हा ऐकू लागले.

मग मी सगळं सांगितलं. कळ कशी दाबली, का दाबली, काय पुसलं. आठ तुकडे कायमचे गेले तेही सांगितलं. "मला वाटलं तुमचा डावा हात चुकतोय, आबा. तुम्हाला न विचारता मी तो सरळ केला. माझं चुकलं." ठेका चालूच होता. लूप कुणी थांबवल्याशिवाय थांबत नाही.

आबांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वंदना सांगते," ते सावकाश, एकेक शब्द जोडत म्हणाले, "तुमाले उशिरा येनारे चालत नाही म्हने." त्यांनी एक थाप येऊ दिली. "येतो ना बाई तो. उशिरा येतो, पन येतो."

वंदना अजून दाराबाहेरच उभी होती. मी तिला आत येऊन बसायला सांगितलं.